बाराखडी पाठ, तरी वाचन अडते कुठे?

तिसरीतल्या मुलाला दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचता यावी, ही काही फार मोठी अपेक्षा नाही. तरीही देशातील ग्रामीण भागात ती बहुतेक मुलांच्या बाबतीत पूर्ण होत नाही. ‘असर’ या पाहणीचा २०२४ सालचा अहवाल सांगतो की, सरकारी शाळांतील तिसरीच्या अवघ्या २३.४ टक्के मुलांना असा मजकूर वाचता आला. २०१८ मध्ये हे प्रमाण २०.९ टक्के होते. करोनाकाळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांवर घसरले. त्या तुलनेत आताची वाढ दिलासा देणारी आहे. पण उलट बाजूने पाहिले तर चारपैकी तीन मुले अजून मागेच आहेत. पाचवीत हाच मजकूर वाचू शकणारी मुले ४४.८ टक्के आहेत. म्हणजे पाच वर्षे शाळेत काढूनही निम्म्याहून अधिक मुले दुसरीच्या गोष्टीपाशी अडखळतात.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ मोहीम सुरू केली, ती याच चिंतेतून. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, हे तिचे उद्दिष्ट. मुदत २०२६-२७ या शैक्षणिक वर्षाची. महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी ‘निपुण महाराष्ट्र’ कृती कार्यक्रम हाती घेतला. याच वर्षी पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावरून राज्य ढवळून निघाले. एप्रिल आणि जूनमधील दोन्ही शासन निर्णय अखेर २९ जूनला मागे घेण्यात आले. मुलांना कोणती भाषा शिकवावी यावर महिनोन्महिने चर्चा झाली. सहा वर्षांचे मूल कोणतीही भाषा वाचायला नेमके कसे शिकते आणि कुठे अडते, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही. खरे तर गेल्या काही दशकांत विज्ञानाने ज्या प्रश्नांची बऱ्यापैकी ठोस उत्तरे दिली आहेत, त्यातला हा एक आहे.

वाचन उपजत नसते

बोलणे मूल ऐकून ऐकून शिकते, त्यासाठी वर्ग भरवावा लागत नाही. वाचनाचे तसे नाही. माणूस बोलायला लागून हजारो पिढ्या झाल्या. लिपीचा शोध मात्र सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळे केंद्र उत्क्रांत होणे शक्य नव्हते. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास देहान यांनी मांडले आहे की, वाचायला शिकताना मेंदू जुन्याच यंत्रणा नव्या कामाला जुंपतो. चेहरे, वस्तू, आकार ओळखणाऱ्या डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातील एक छोटा पट्टा अक्षरे ओळखू लागतो आणि बोलण्याचे ध्वनी व अर्थ सांभाळणाऱ्या भागांशी जोडला जातो. अक्षर आणि ध्वनी यांच्यातली ही जोडणी म्हणजेच वाचनाचा पाया. ती आपोआप होत नाही. सरावाने घडवावी लागते.

यातूनच ‘फोनिक्स’ म्हणजे ध्वनीवर आधारित वाचन-शिक्षणाची बाजू भक्कम झाली. कोणत्या खुणेचा कोणता ध्वनी, ते ध्वनी जोडून शब्द कसा होतो, हे मुलाला उघडपणे आणि क्रमाने शिकवायचे, ही त्यातली मूळ कल्पना. अनेक इंग्रजी शाळांत दीर्घकाळ दुसरीच पद्धत चालत असे. चित्र पाहा, पहिले अक्षर पाहा आणि शब्दाचा अंदाज करा. मुलांभोवती पुस्तके असली की वाचन उमलेल, असा त्यामागचा विश्वास होता. काही मुलांचे उमललेही. पण जी मागे पडत होती, ती अंदाजाच्या भरवशावर आणखी मागे पडत गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन क्रमबद्ध ध्वनिशिक्षणाच्या बाजूने कौल दिला. इंग्लंडने २००६ च्या रोझ अहवालानंतर तोच मार्ग धरला आणि २०१२ पासून पहिलीतल्या प्रत्येक मुलाची छोटी ध्वनिवाचन चाचणी घ्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे तर बाराखडी आहेच

इथे मराठी वाचकाला साहजिक प्रश्न पडेल. इंग्रजीचे ठीक आहे, तिथे उच्चार आणि लेखन यांची सांगड नाही. आपली देवनागरी जशी बोलावी तशी लिहिली जाते. क, ख, ग हे ध्वनीच आहेत आणि बाराखडी म्हणजे तर तयार फोनिक्स. मग आपली मुले का अडतात?

देवनागरी इंग्रजीपेक्षा कितीतरी नियमित आहे, हे खरेच. पण नियमित म्हणजे सोपी नव्हे. इंग्रजीत मुलाला २६ अक्षरांचे आकार ओळखायचे असतात. मराठीत व्यंजनेच तीसहून अधिक, आणि प्रत्येकाची बारा रूपे धरली तरी आकडा चारशेच्या घरात जातो. आता ॲ आणि ऑ धरून चौदाखडी म्हणायची तर आणखी भर. जोडाक्षरे वेगळीच. शिवाय मात्रा सरळ रांगेत बसत नाहीत. ‘कि’ मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. उकार खाली जातो, मात्रा वर चढते. ‘र’ तर रूपे बदलतो. ‘सूर्य’ मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, ‘चक्र’ मधला पायाशी तिरका जातो आणि ‘राष्ट्र’ मधला आणखी वेगळा दिसतो.

उच्चाराचेही बारकावे आहेत. ‘चंद्र’ आणि ‘चाक’ यांतला च एक नाही. ‘जीवन’ आणि ‘जाड’ यांतला ज एक नाही. ‘घर’ लिहिताना र पूर्ण असतो, बोलताना त्यातला अ गळतो. अनुस्वाराचा ठिपका ‘अंक’, ‘संत’ आणि ‘पंप’ या तीन शब्दांत तीन वेगळे ध्वनी देतो. मोठ्या माणसाला हे जाणवतही नाही. सहा वर्षांच्या मुलाला मात्र यातली प्रत्येक गाठ सोडवावी लागते.

कन्नडमध्ये वाचायला शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेले संशोधन या संदर्भात महत्त्वाचे आहे. कन्नडची रचनाही देवनागरीसारखीच अक्षराधारित आहे. इंग्रजी शिकणारी मुले वर्षभरात अक्षरे ओळखू लागतात. कन्नड मुलांना संपूर्ण अक्षरसंच आत्मसात करायला चौथी-पाचवीपर्यंत वेळ लागतो, असे त्यात दिसले. मुलांना शब्दातले अक्षर लवकर वेगळे करता येते, पण अक्षरातले व्यंजन आणि स्वर सुटे करायला उशीर लागतो, हेही त्यातून पुढे आले. ‘कमळ’ ची क-म-ळ अशी फोड मूल पटकन करते. ‘की’ म्हणजे क् अधिक ई, हे त्याला सांगावे लागते.

नेमकी इथे पाठांतराची मर्यादा उघडी पडते. वर्गात सुरात ‘क का कि की’ म्हणणारे मूल बाराखडी वाचत असतेच असे नाही. अनेकदा ते ती गात असते. फळ्यावर ‘मी’, ‘तू’, ‘के’ अशी अक्षरे क्रम मोडून लिहिली की ते गप्प होते, किंवा मनातल्या मनात ‘म मा मि मी’ म्हणत इष्ट स्थळी पोहोचते. बाराखडीत काही खोट नाही. ही मांडणी फार हुशारीची आहे. पण वेलांटी लावली की प्रत्येक व्यंजनाला तोच ‘ई’ चिकटतो, हा तिचा गाभा मुलाला उलगडून दाखवला तरच ती उपयोगी पडते. चारशे आकार पाठ करणे आणि तीस-चाळीस व्यंजने व डझनभर स्वरचिन्हे यांची जोडणी समजणे, या दोन कामांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

वर्गात काय चालते

मराठी आणि कन्नड वर्गांत प्रत्यक्ष काय घडते, याचा एक दीर्घ अभ्यास शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी केला आहे. महाराष्ट्रातील पालघर आणि कर्नाटकातील यादगीर या जिल्ह्यांतल्या मुलांचा त्यांनी पहिलीपासून सलग तीन वर्षे माग ठेवला. २०१७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातले चित्र ओळखीचे वाटेल. फळ्यावरून उतरवणे, एका सुरात म्हणणे, पुन्हा उतरवणे. लिपीवर भर होता, पण मुलाने स्वतः नवा शब्द जोडून वाचावा यासाठी वाव कमी होता. वाचलेल्याबद्दल बोलणे, विचारणे तर त्याहून कमी. तिसरीपर्यंत पोहोचूनही बरीच मुले साध्या मजकुराशी झगडत होती. शिक्षकांची मेहनत नव्हती असे नाही. मुलाला मात्रांचा उलगडा कसा करून द्यायचा आणि अडलेल्या मुलाचा अडथळा कसा हेरायचा, याचे प्रशिक्षण डी.एड.च्या अभ्यासक्रमातून पुरेसे मिळत नाही, ही खरी उणीव आहे.

घरच्या भाषेचा मुद्दा यात मिसळला की अडचण दुप्पट होते. पालघरमध्ये वारली, कातकरी, मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिलीची रूपे, गडचिरोलीत गोंडी, माडिया. या घरांतले मूल पहिलीत येते तेव्हा प्रमाण मराठी त्याच्यासाठी जवळपास परकी असते. ‘कमळ’ मधली अक्षरे त्याने जोडली तरी तो शब्द त्याने कधी ऐकलेला नसतो. जोडून झाल्यावर ‘अरे, हे तर अमुक!’ हा आनंदच त्याच्या वाट्याला येत नाही. ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे तर वर्षातले काही महिनेच गळतात. अक्षरांची साखळी ज्या कडीपाशी तुटली, तिथून पुढचे सारे त्यांना अनोळखी होते.

इंग्रजीचे गणित वेगळे

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. सेमी-इंग्रजीचे वर्गही गावोगावी पोहोचले आहेत. साहजिकच शहरांत ‘फोनिक्स’ च्या शिकवण्यांना बाजार मिळाला असून, काही आठवड्यांत अस्खलित वाचनाची हमी देणाऱ्या जाहिरातीही दिसतात. या हमीची पारख करताना एक अभ्यास लक्षात ठेवावा. फिलिप सिमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातील तेरा भाषांतल्या मुलांची तुलना केली. पहिलीच्या अखेरीस फिनिश मुले ओळखीचे जवळपास सगळे शब्द अचूक वाचत होती. इंग्रजी शिकणारी स्कॉटलंडची मुले जेमतेम ३४ टक्के वाचू शकली. आणि त्यांची तर ती घरचीच भाषा होती. इंग्रजीतली आडवळणे कोणाच्याही मुलाला वेळ घ्यायला लावतात. मराठी घरातल्या मुलाला त्यात गैर काही नाही.

आपल्या वर्गांत आणखी एक गल्लत होते. मुलाला अक्षरांची नावे शिकवली जातात, ध्वनी नाही. ‘सी, ए, टी’ ही नावे कितीही वेगाने म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाही. ‘क्, ॲ, ट्’ म्हटले तर निघतो. हे ध्वनी मराठी मुलाला बाराखडीतून आधीच माहीत असतात. एका भाषेत ध्वनी जोडण्याची युक्ती पक्की झाली की दुसऱ्या भाषेत ती कामी येते. म्हणून मराठी वाचन कच्चे ठेवून इंग्रजीची घाई करण्यात मुलाचा फायदा नाही.

उकल हा अर्धाच भाग

तरीही ध्वनी जोडता येणे म्हणजे वाचन येणे नव्हे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये यासाठी एक साधे सूत्र दिले: वाचन म्हणजे उकल गुणिले भाषेची समज. मुद्दा गुणाकाराचा आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. अक्षरे न येणारे बोलके मूल वाचू शकत नाही; खडाखडा वाचणारे पण शब्दांचा अर्थ न कळणारे मूलही खऱ्या अर्थाने वाचत नाही. म्हणून गोष्टी सांगणे, गाणी, गप्पा यांना अक्षरओळखीइतकेच महत्त्व आहे. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या बालशिक्षणात हाच धागा धरला होता.

‘निपुण’ च्या उद्दिष्टांकडेही याच नजरेने पाहायला हवे. मिनिटाला किती शब्द वाचले, हे मोजणे सोपे म्हणून लोकप्रिय आहे. ओघ महत्त्वाचा आहेच. अक्षर-अक्षर लावत वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरली जाते. पण ‘घराजवळच्या’ हा मराठीत एक शब्द, तिथे इंग्रजीत तीन-चार होतात. भाषांचे वेग एका मापाने मोजता येत नाहीत. एनसीईआरटीने २०२२ मध्ये तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांची पाहणी करताना भाषानिहाय निकष ठरवले, ते यामुळेच. वेगाची घाई झाली की शाळा घड्याळासाठी वाचून घेऊ लागतात, हा धोका आहे.

आधी डोळे-कान, मग शिक्का

वाचनात मागे पडणाऱ्या मुलाला ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी आहे’ हे दोन शेरे फार लवकर मिळतात. त्याआधी दोन साध्या तपासण्या व्हायला हव्यात. फळा धूसर दिसणारे मूल तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते असे त्याला वाटते. वारंवार सर्दी होऊन मधल्या कानात पाणी साचले की काही आठवडे ऐकू कमी येते. ‘प’ आणि ‘ब’, ‘त’ आणि ‘द’ यांतला फरक पुसट होतो. ध्वनीच नीट ऐकू येत नसेल तर अक्षर त्याला चिकटणार कशाला? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात, तेव्हा वाचनात अडणाऱ्या मुलांची यादी शिक्षकाने पुढे करावी.

काही मुलांची अडचण याहून खोल असते. डिस्लेक्सियात बुद्धी आणि इंद्रिये ठीक असतात, पण ध्वनी आणि अक्षर यांची जोडणी कष्टाने होते. ‘तारे जमीन पर’ मुळे २००७ नंतर हा शब्द घरोघरी पोहोचला, पण अक्षरे उलटी दिसणे म्हणजे डिस्लेक्सिया, हा गैरसमजही रुजला. मराठीसारख्या नियमित लिपीत या मुलांच्या चुका कमी आणि संथपणा जास्त दिसू शकतो. त्यामुळे ती नजरेतून सुटतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि महाराष्ट्राने तर नव्वदच्या दशकातच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. मात्र प्रमाणपत्रासाठीचे निदान साधारण आठव्या वर्षानंतर होते. सवलतीसाठी ते ठीक, मदतीसाठी नाही. पहिलीत अडलेल्या मुलाने तिसरीपर्यंत कागदाची वाट पाहणे म्हणजे सर्वांत मोलाची दोन वर्षे घालवणे. या मुलांना लागणारे शिक्षण वेगळ्या जातीचे नसते. तेच ध्वनिशिक्षण, पण अधिक सावकाश, अधिक उघड आणि अधिक सरावाचे.

करता येण्याजोगे

सुधारणा शक्य आहे याचे दाखले आहेत. २००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि बडोद्यातील पालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखींनी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर चाचणी केली तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ आढळली. इयत्ता बाजूला ठेवून मूल आज जिथे आहे तिथून शिकवणे, हे त्याचे सूत्र. अमेरिकेतील मिसिसिपी हे गरीब राज्य २०१३ मध्ये चौथीच्या वाचनात देशात ४९ वे होते. त्या वर्षी त्याने वाचनासाठी कायदा केला, शिक्षकांना ध्वनिशिक्षणाचे प्रशिक्षण दिले, शाळांत मार्गदर्शक पाठवले आणि मुलांची लवकर चाचणी सुरू केली. २०२४ मध्ये ते नवव्या स्थानी पोहोचले. तिसरीत नापास करण्याच्या त्याच्या नियमावर वाद आहेत आणि तो उचलण्याची गरज नाही. पण शिक्षकामागे दशकभर उभे राहण्याचा भाग उचलण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात यासाठी नवी इमारत लागत नाही. पहिलीच्या दिवाळीपर्यंत प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून दहा मिनिटे वाचायला लावले, क्रम मोडून अक्षरे दाखवली आणि दोन-तीन निरर्थक शब्द दिले, तर अडलेले मूल तिथेच सापडते. ‘तिमोके’ सारखा शब्द पाठ असू शकत नाही. तो जोडूनच वाचावा लागतो. अक्षरे पाच-सहाच्या गटाने, सोबत एक-दोन मात्रा घेऊन शिकवली तर मूल दुसऱ्याच आठवड्यात खरे शब्द वाचू लागते. सगळी मुळाक्षरे संपेपर्यंत त्याला शब्दासाठी ताटकळावे लागत नाही.

घरात तर साधने आधीपासून आहेत. भेंड्या खेळताना शब्दाचे शेवटचे अक्षर पकडावे लागते. ‘च’ च्या भाषेत पहिले अक्षर मागे नेऊन पुढे ‘च’ लावायचा असतो. ‘तुला’ चे ‘चलातु’ होते. मुले हसत-खेळत शब्दाचे ध्वनी सुटे करतात आणि पुन्हा जोडतात. ज्या पालकांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनाही हे खेळ घेता येतात.

तिसरीपासून परिसर अभ्यासाचे धडे सुरू होतात. तिथून पुढे शाळा असे धरून चालते की, मुलाला वाचता येते. ज्याला येत नाही त्याच्यासाठी इतिहास, विज्ञान, गणिताची शाब्दिक उदाहरणे ही सगळी दारे एकाच वेळी बंद होतात आणि वाचणारे व न वाचणारे यांच्यातली दरी दरवर्षी रुंदावते. २०२६-२७ ची मुदत कागदावर पाळली जाईल किंवा वाढवली जाईल. आज पहिलीत असलेल्या मुलाची मुदत मात्र तिसरीच्या उन्हाळी सुट्टीला संपते, आणि ती वाढवण्याचा अधिकार कोणत्याही शासन निर्णयाला नाही.